यादीत नाव, राखेत रोडगे

मुलांनो, घरात कुणाला नोकरी लागल्याची बातमी आली की पहिल्या पाच मिनिटांत काय काय होतं, हे तुम्ही कधी नीट पाहिलंय का? एक जण ओरडतो, एक जण रडतो, एक जण फोन लावत सुटतो. आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कुणाशी काही न बोलता आत जातं, गुळाचा डबा उघडतं आणि देवापुढे एक खडा ठेवतं. आमच्या देऊळगाव राजाच्या घरी तरी अगदी असंच झालं. त्या गुळाच्या खड्यानंतर तीन आठवड्यांनी आमच्याकडे एक जेवण झालं. त्या जेवणाची हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे. आईबाबांनीही वाचायला हरकत नाही बरं का. खरं म्हणजे त्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन वाचावी.

आधी गाव सांगतो. देऊळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातलं तालुक्याचं गाव. जिल्हा विदर्भाचा, पण बाजारहाट जालन्याचा, त्यामुळे आमची बोलीही धड वऱ्हाडी नाही आणि धड मराठवाडी नाही, दोन्हींची मिसळ! गावात बालाजी महाराजांचं मोठं देवस्थान आहे आणि आश्विनात त्यांची यात्रा भरते. जिजाऊंचं माहेर सिंदखेड राजा इथून जवळच. संत चोखामेळ्यांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं मेहुणा राजा तर आमच्याच तालुक्यात. खडकपूर्णा नदीवर जे धरण झालं, त्याच्या जलाशयाचं नावही संत चोखासागर असं ठेवलंय.

एसटीतून येताना रस्त्याच्या कडेला तुम्हांला पांढऱ्या-हिरव्या जाळीची मोठमोठी घरं दिसतील. ती शेडनेट. त्यांत टोमॅटो, मिरची अशा भाज्यांचं संकरित बियाणं तयार होतं. तुमच्या बाबांनी कुंडीत लावायला आणलेल्या मिरचीच्या बियांची पुडी कदाचित आमच्याकडूनच निघालेली असेल! हे काम फार नाजूक असतं. फूल उमलायच्या आधीच कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग त्या फुलाला हाताने लावायचे. एकेका फुलाला! यंत्र नाही, काही नाही, नुसती बोटं. आमच्या अण्णांच्या शेतात, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या शेतात, अशी दोन शेडनेट आहेत. त्यांतली निम्मी फुलं ताईच्या बोटांनी हाताळलेली.

ताई म्हणजे अण्णांची मुलगी, माझी पुतणी. आणि दादा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. घर एकच, अंगण एकच. दोघांत सहा महिन्यांचं अंतर. (नोकरीपायी बाहेरगावी राहणारा मधला काका, तो मी.) दोघांनी पोलीस शिपाई भरतीचा अर्ज एकाच दिवशी भरला. पहाटे साडेचारला दोघं उठायचे आणि अंधारातच चिखली रस्त्याने पळायला निघायचे. परत आल्यावर ताई शेडनेटमध्ये पराग लावायला आणि दादा गाईची धार काढायला. मग दुपारभर अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठीचं व्याकरण.

ह्या भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. मैदानात मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८०० मीटर. शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा, मुलींचा ४ किलोचा. आता गोळा विकत कुठून आणायचा? दादाने जात्याचा एक फुटका तुकडा घासून घासून गोल केला आणि ताईला दिला. किराणा दुकानात वजन केलं तर चार किलोला थोडा जास्तच भरला. दादा म्हणाला, "जास्तच बरा. मैदानात हलका लागंल." आणि झालंही तसंच. २०२४ च्या जूनमध्ये ऐन पावसाळ्यात मैदानी चाचण्या सुरू झाल्या. राज्यभरात जागा होत्या १७,४७१. अर्ज त्याच्या कितीतरी पट. ताईचा गोळा चांगला लांब गेला.

लेखी परीक्षा झाली. आणि सप्टेंबरमध्ये, पितृपंधरवड्यात, एका दुपारी निकाल लागला.

पूर्वी नोकरीची बातमी पोस्टमन आणायचा. रजिस्टर टपालाचा लांबट लिफाफा, सही करायला घाईघाईत शोधलेलं पेन आणि पोस्टमनच्या हातावर ठेवलेली गुळाची ढेप नाहीतर पाच रुपये. (ते रजिस्टर टपालही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं.) आमच्याकडे बातमी आली ती मोबाईलवर, लांबलचक यादीच्या रूपाने. ताई शेडनेटमध्ये होती. यादी दादानेच उघडली. आधी ताईचं नाव शोधलं. मुलींच्या निवड यादीत होतं! तो तसाच चिखलातून धावत शेडनेटपर्यंत गेला आणि ओरडला, "ए ताई, लागली गं तू!" मग परत येऊन ओट्यावर बसला आणि आपलं नाव शोधू लागला. निवड यादीत नव्हतं. प्रतीक्षा यादीतही नव्हतं. थोडक्या गुणांनी राहिलं होतं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, ही हकिगत सांगावीशी का वाटली ते. एका घरात, एकाच दुपारी, एकाच मोबाईलवर दोन बातम्या आल्या. त्यांतली एक साजरी करायची होती.

आमच्या मायने, म्हणजे ह्या मुलांच्या आजीने, गूळ ठेवला. ताईच्या तोंडात एक खडा घातला आणि दादाच्याही. दादा म्हणाला, "मला काहून?" माय म्हणाली, "पळाला नाहीस का तू?" बस, तेवढंच. पण जेवणाचं काढल्यावर मात्र ती म्हणाली, "पितर चालू हायेत. आता नाही. कोजागिरीला करू."

आणि मधल्या त्या तीन आठवड्यांत आमच्याकडे जे सुरू झालं, ते विचारू नका! अण्णांच्या डोक्यात भराभरा चक्रं फिरायला लागली. चौकात ताईचा मोठा फ्लेक्स. बँड. एक छोटा हॉल. आचारी. दोनशे पानं. जिलेबी, मठ्ठा, पनीरची भाजी. अण्णांनी पेन घेऊन हिशेब मांडला, तेव्हा आकडा ऐंशी हजारांच्या पुढे गेला. पैसे कुठून आणायचे? तर बियाण्याचे पैसे यायचे होते त्यावर उचल घ्यायची. अण्णांची चूक मी म्हणणार नाही. ज्या माणसाने दहावीनंतर शाळा सोडून औत धरलं, त्याच्या मुलीच्या अंगावर खाकी वर्दी चढणार होती. त्याला गावाला सांगावंसं वाटणारच. त्यात एक जुनी सलही होती. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी वाटायची रीत आहे ना? ताई जन्मली तेव्हा आमच्या घरी काहीच वाटलं नव्हतं. ते कुणी बोलत नाही, पण अण्णा विसरलेले नाहीत.

ताईने तो हिशेबाचा कागद वाचला आणि म्हणाली, "अण्णा, माझा पहिला पगार यायच्या आत माझ्या नावावर कर्ज कशाला? मला घरचं जेवण पाहिजे. आपण सगळ्यांनी मिळून केलेलं." मग तिने दोन अटी घातल्या. पहिली अट अशी की आईने त्या दिवशी चुलीपाशी जायचं नाही आणि पहिल्या पंगतीला बसायचं. दुसरी अट तिने सगळ्यांसमोर सांगितली नाही. ती नंतर कळली.

पहिल्या अटीवर अण्णा हसले. वहिनी तर घाबरल्याच! "मग करील कोण?" त्या म्हणाल्या. मुलांनो, हा प्रश्न तुम्ही आपापल्या घरी विचारून पाहा. सणाचा, आनंदाचा दिवस म्हणजे घरातल्या बाईच्या कामाचा सगळ्यात मोठा दिवस. पुरणाचा बेत असला तर पहाटे हरभऱ्याची डाळ शिजत घालायची, शिजली की वरचं पाणी काढून ठेवायचं, डाळीत गूळ घालून पळी उभी राहीपर्यंत आटवायचं, वाटायचं, कणीक तिंबायची, काढलेल्या पाण्याची आमटी करायची (तिला आमच्याकडे येळवणी म्हणतात), आणि मग तव्यापुढे बसून एकेक पोळी लाटायची. पुरुष आणि मुलं उठली की बायका बसणार. तोवर आमटी निवलेली आणि चांगल्या पोळ्या संपलेल्या! माझी माय चाळीस वर्षं अशीच शेवटी जेवली. आम्हां भावांना ते दिसत होतं का? दिसत होतं. आम्ही काही केलं का? नाही.

जरा आपल्या गावाबाहेर डोकावू या. आनंदाच्या बातमीला घरात काहीतरी खास शिजवायचं, ही रीत काही आपलीच नाही. जपानमध्ये मूल शाळेत जायला लागलं, पदवी मिळाली, नोकरी लागली, की घरी लाल भात करतात. त्याला सेकिहान म्हणतात. चिकट तांदूळ आणि अझुकी नावाच्या बारीक लाल शेंगदाण्या एकत्र वाफवायच्या. शेंगदाणे नव्हेत बरं का, कडधान्य, आपल्या चवळीच्या जवळचं. त्याच्या रंगाने भात लालसर होतो. वर मीठ आणि काळे तीळ. गंमत म्हणजे टोकियोच्या बाजूला अझुकीऐवजी सासागे वापरतात, आणि सासागे म्हणजे चक्क चवळीच! कारण विचाराल तर असं सांगतात की, अझुकी शिजताना पोटातून फुटते आणि सामुराई लोकांना ते अशुभ वाटायचं. पोट फाडून घेणं ही त्यांची मरणाची रीत ना! चवळी फुटत नाही, म्हणून चवळी. कोरियात परीक्षेच्या दिवशी मुलांना चिकट चिक्कीसारखी मिठाई देतात, म्हणजे मूल पास होऊन चिकटून बसेल. आणि शेवाळाचं बुळबुळीत सूप त्या दिवशी टाळतात, न जाणो पोरगं घसरायचं! आपण दही-साखर हातावर ठेवतो, त्यांतलाच प्रकार.

आणखी एक आठवण सांगतो, पण ती हसण्याची नाही. आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई बोटीने अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. तिथे आनंदीबाईंना आपल्या घरच्यासारख्या मायेने सांभाळलं ते न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या कार्पेंटरबाईंनी. त्या घरात आनंदीबाईंनी आपल्या हाताने आपल्याकडचं जेवण रांधून त्या अमेरिकन मंडळींना वाढलं होतं. घर हजारो मैल दूर, पण रांधून वाढलं की परकं घरही थोडं आपलं होतं, नाही का? पुढे कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाचं काम त्यांच्याकडे सोपवायचं ठरलं. केवढी मोठी बातमी! पण १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या त्या क्षयाने खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या खुर्चीवर त्या कधी बसल्याच नाहीत. मायने तीन आठवडे थांबायला सांगितलं, तेव्हा मला उगीच ही गोष्ट आठवली आणि मी मनातल्या मनात चिडलो. माझं चिडणं सोडा. माय काय करत होती, ते मला उशिरा कळलं.

त्या तीन आठवड्यांत दादा घरात जेवेनासा झाला होता. म्हणजे उपाशी नव्हता, पण ताट वाढून घ्यायचा आणि धाब्यावर जायचा. पहाटे पळायला जाणं बंद. पेढे घ्यायला येणारी मंडळी ओसरीवर बसून एक वाक्य हमखास म्हणायची, "पोरगी लागली, अन् पोरगं राहिलं!" कुणी हळहळून म्हणायचं, कुणी हसून. पालकहो, हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! मुलींची यादी वेगळी असते, मुलांची वेगळी. ताईने दादाची जागा घेतलेली नव्हती. पण एवढं समजावून घ्यायला ओसरीवर वेळ कुणाला? आणि ते वाक्य एकाच वेळी दोघांनाही लागत होतं. दादाला त्यात आपलं हरणं ऐकू यायचं, आणि ताईला असं वाटायचं की आपली नोकरी म्हणजे काहीतरी चुकून इकडचं तिकडे झालंय.

ताईची दुसरी अट मायकडे गेली होती. "दादा जेवायला नसला तर जेवण नको." माय म्हणाली, "जेवायला बोलावलं तर तो येणार नाही. कामाला बोलाव."

म्हणून बेत ठरला रोडग्यांचा.

आता वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना रोडगे म्हणजे काय, ते सांगायला हवं. रोडगे घरात होत नाहीत, मोकळ्या जागेत होतात. शेतात, मारुतीच्या पाराजवळ, नदीकाठी. आणि ते बहुतेक वेळा पुरुषमाणसं करतात! गहू जरा भरड दळून आणायचे. पिठात मीठ, ओवा आणि गरम तेलाचं मोहन. घट्ट मळायचं. मग पोळी लाटून तिला तेल लावायचं, दुमडायची, तिच्यावर दुसरी पोळी गुंडाळायची, असे पदर घेत घेत मुठीएवढा गोळा करायचा. दुसरीकडे शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवायच्या. घाई करायची नाही. जाळ पूर्ण बसला पाहिजे, धूर संपला पाहिजे, नुसता लालभडक आर राहिला पाहिजे. मग त्या निखाऱ्यांवर रोडगे मांडायचे, अधूनमधून फिरवायचे आणि बाहेरून डाग पडले की गरम राखेत पुरून ठेवायचे. आत पदरापदरापर्यंत उष्णता हळूहळू जाते. अर्धा-पाऊण तास लागतो. बाहेर काढून फडक्याने राख झटकायची, हाताने फोडायचा, वर तुपाची धार आणि तुरीचं वरण. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. (हे वाचून लगेच गोवऱ्या पेटवायला धावू नका. घरातलं मोठं माणूस सोबत हवंच.)

आणि आमच्या घरात रोडग्यांचा आर लावावा तो दादानेच! हे काम तो त्याच्या आजोबांकडून शिकलाय. कोणत्या गोवरीचा आर जास्त वेळ टिकतो, वाऱ्याची बाजू कोणती, हे त्याच्याएवढं कुणाला कळत नाही. कोजागिरीच्या आदल्या दिवशी ताई धाब्यावर गेली आणि म्हणाली, "चाळीस माणसं हायेत. ऐंशी रोडगे. अण्णा म्हणतात, ते लावतील आर." दादा म्हणाला, "अण्णा? कोळसा करतील!" आणि ताट घेऊन खाली आला.

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार. कोजागिरी. शेतात सोयाबीनची सुडी रचलेली होती, म्हणून आर तिच्यापासून खूप लांब, बांधापलीकडच्या मोकळ्या जागेत लावला. ठिणगीचं काय सांगावं! शेजारी पाण्याचे दोन पिंप भरून ठेवले. दहा किलो पीठ अण्णांनी आणि धाकट्याने मळलं. अण्णांना कणीक मळताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पहिल्यांदा पाणी जास्त, मग पीठ जास्त, मग पुन्हा पाणी. माझ्याकडे वांगी चिरायचं काम होतं, सहा किलो. वांगी चिरून पाण्यात टाकायची असतात, नाहीतर काळी पडतात, हे मला एका आठ वर्षांच्या भाचीने सांगितलं. लहान मुलांकडे लसूण सोलणं. ताई वरणापाशी. तिने मीठ विसरायचं ते विसरलीच! पुढे सगळ्यांनी वरून घेतलं आणि पोलीसबाईंना त्यावरून रात्रभर चिडवलं.

वहिनी बाजेवर बसल्या होत्या. म्हणजे बसवल्या होत्या. त्यांनी तीनदा उठून भाजीत डाव घालायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पोरांनी त्यांना परत नेऊन बसवलं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "अरे, हात नुसते ठेवून बसायला मला जमत नाही. लसूण तरी द्या!" मग त्यांना दहा पाकळ्या देण्यात आल्या. मोजून दहा.

दादा आरापाशी होता. लांब चिमटा, डोक्याला रुमाल, तोंड लाल. पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून, "दादा, हा झाला का? दादा, तो फुटला!" तीन आठवड्यांत त्याला एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मधेच तो कुठल्या विचारात गेला कोण जाणे, खालच्या बाजूचे सातआठ रोडगे करपले. अण्णा लांबूनच ओरडले, "कोळसा कोण करणार होतं रे?" सगळे हसले. दादाही हसला.

चंद्र वर आला तेव्हा पंगत बसली. आमच्या भागात पंगत हा साधा शब्द नाही. चोखोबांची ती कथा तुम्ही ऐकली असेल. विठ्ठल त्यांच्या पंगतीला येऊन जेवायला बसला, वाढताना सोयराबाईंच्या हातून दही सांडून देवाचा पीतांबर भिजला, आणि त्यापायी चोखोबांना मार बसला. कोण कुणाशेजारी बसून जेवतं, ह्यावरून माणसांनी माणसांना किती छळलंय! मेहुणा राजाच्या तालुक्यात राहणाऱ्यांनी तरी हे विसरू नये, असं मला वाटतं. आमची पंगत तशी लहानच. पण शेडनेटमध्ये ताईबरोबर काम करणाऱ्या सगळ्या बाया, त्यांची लेकरं, आमच्या घरची मंडळी, सगळे एका ओळीत, पळसाच्या पत्रावळीवर.

मायने पहिली पत्रावळ वहिनींपुढे मांडली. स्वतःच्या हाताने रोडगा फोडला, तूप घातलं. सासूने सुनेला आधी वाढलं! वहिनींनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "धूर लागला." आर तर केव्हाच बसला होता.

तेवढ्यात नको ते झालं. नात्यातले एक बुवा, चांगले आहेत तसे, घास घेता घेता म्हणाले, "रोडगे झक्क झालेत. पोरगी लागली, अन् पोरगं राहिलं, नाहीतर आज डबल जेवण असतं!" सगळी पंगत गप्प. दादा वाढायला उभा होता, हातात तुपाचं भांडं. ताईने मान वर केली. ती काही बोलणार, तोच माय म्हणाली, "बुवा, हे जेवण दोघांचंच हाय. पोरीचा गोळा त्यानंच घडवला. तुमच्या ताटात कुणाचा रोडगा हाय, ते बघा आधी. अन् तूप घ्या." दादाने पुढे होऊन त्यांना तूप वाढलं. जरा जास्तच वाढलं! बुवा ओशाळले आणि म्हणाले, "चुकलं माय माझं." झालं, विषय संपला. चुकलं म्हणणारा माणूस पंगतीत शोभून दिसतो.

मग ताई उठली, दादाच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि त्याला आपल्या पत्रावळीशेजारी बसवलं. त्याच्या पानात तिने रोडगा घातला तो करपलेल्यांतला. "तूच जाळलास, तूच खा."

शेवटी आटीव दूध झालं, चंद्र दिसेल असं पातेल्यात ठेवून. खर्च किती झाला माहीत आहे? गहू घरचे, तूप घरचं, वांगी घरची, दूध घरचं. तुरीची डाळ, तेल, साखर आणि पत्रावळी मिळून तीन हजारांच्या आत. अण्णांचा फ्लेक्स मात्र झालाच! पण छोटा, घराच्या फाटकावर मावेल एवढा. त्यावर ताईचा फोटो आहे आणि कोपऱ्यात तो जात्याचा गोळा.

पुढचं थोडक्यात. ताई प्रशिक्षणाला गेली. सुरुवातीला फोनवर तक्रार एकच, की मेसमधल्या वरणात मीठ बरोबर असतं, त्यामुळे घरची आठवण येते! दादाने पुढच्या भरतीचा अर्ज भरला. तो लागेल की नाही, मला माहीत नाही. मधल्या काळात त्याने शेडनेटचं काम हातात घेतलंय आणि परागांचं नाजूक काम मुलग्याच्या बोटांनाही जमतं, हे दाखवून दिलंय. वहिनी घरी अजून शेवटीच जेवतात. सवय मोडत नाही म्हणतात. पण रविवारी रात्री अण्णा कणीक मळतात. पाणी अजूनही जास्तच पडतं.

कोजागिरीच्या रात्री बारा रोडगे उरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात तोंड धूत होतो, तर दादा बूट घालून निघालेला. रुमालात दोन रोडगे बांधलेले. मी विचारलं, "कुठं रे?" म्हणाला, "चिखली रस्त्यानं. येताना भूक लागते काका."